फळा दिसतो, धड्यातल्या ओळी मात्र हलतात

डॉक्टर, नमस्कार.

माझी मुलगी नववीत आहे, वय चौदा. शाळेच्या खो-खो संघात खेळते. दिल्लीच्या वर्ल्डकपपासून प्रियांका इंगळेचा फोटो तिच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेला आहे, म्हणजे वेड किती ते लक्षात येईल. पाच आठवड्यांपूर्वी सरावात खांबाकडे सूर मारताना तिचा हात निसटला आणि कपाळ खांबावर आपटलं. शुद्ध गेली नाही, पण दहा मिनिटं ती एकच प्रश्न परत परत विचारत होती. घरी येताना रिक्षात उलटी झाली. त्याच रात्री सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. आठवडाभर घरी ठेवून मग शाळेत पाठवली.

तिथून पुढे रोजचं भांडण. पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत कपाळ धरून बसते. ओळी हलतात म्हणते, अक्षरं एकावर एक येतात म्हणते. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही डोळे सहा बाय सहा, चष्मा नको, मोबाईल कमी करा, असं सांगून त्यांनी परत पाठवलं. तिचे बाबा म्हणतात, टीव्हीवर अर्धा तास सामना बघते तेव्हा डोकं दुखत नाही, मग भूगोल उघडल्यावरच कसं दुखतं? वर्गशिक्षिकांचंही तेच म्हणणं. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. एरवी ही मेंदी काढायला तासन् तास बसायची, तो कोनही हल्ली तसाच पडून आहे. ओळखीच्या एका बाईंनी मोबाईलवरचा डोळ्यांच्या व्यायामाचा कोर्स सुचवलाय, पैसे आधी भरायचे. आणि तीन आठवड्यांनी जिल्हा संघाची निवड चाचणी आहे. ती रोज विचारते, मी जाऊ ना?

ती नाटक करतेय का, एवढं तरी सांगा.

— एक आई, विटा

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मेंदीचा कोन तसाच पडून आहे. नाटक करणारी मुलगी भूगोलाला टांग मारेल, बीजगणिताला मारेल. मेंदीला कशाला मारेल? भूगोल आणि मेंदी यांच्यात एकच गोष्ट सारखी आहे, दोन्ही नाकापासून हातभर अंतराच्या आत असतात.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, ती नाटक करत नसावी. पत्रावरून निदान होत नाही, त्यासाठी तिला तपासायलाच हवं. पण डोक्याला मुका मार, म्हणजे कंकशन, झालेली मुलं नेमकं हेच, जवळजवळ याच शब्दांत सांगतात. ‘ओळी हलतात’ हे वाक्य तिने कुठून शिकून आणलेलं नाही.

तिच्या बाबांचा प्रश्न मला आवडला. उत्तर त्यांनी चुकीचं काढलं, पण प्रश्न थेट तपासणीच्या खोलीत विचारावा असा आहे. टीव्ही आठ-दहा फुटांवर असतो. तेवढ्या लांबचं बघताना दोन्ही डोळे जवळपास समांतर राहतात आणि आतल्या भिंगालाही फारसे कष्ट नसतात. पुस्तक एका फुटावर धरलं की दोन कामं एकदम अंगावर येतात. दोन्ही डोळे नाकाच्या बाजूला वळवायचे, तेही मोजून तेवढेच. आणि त्याच वेळी भिंग फुगवून अक्षर स्पष्ट करायचं. बरं, हे एकदा करून भागत नाही, धडा संपेपर्यंत तसंच धरून ठेवावं लागतं. बैलजोडीतले दोन्ही बैल धट्टेकट्टे असले तरी एक जरा मागे राहिला की जू तिरकं होतं आणि तास वाकडा जातो. प्रत्येक बैल वेगळा बांधून तपासला तर दोन्हीही पास.

सहा बाय सहा हा आकडा असाच आहे. तो सहा मीटर अंतरावरच्या तक्त्याचा, एका वेळी एक डोळा झाकून काढलेला. आकडा खराच आहे, डॉक्टरांनी खोटं काही लिहिलेलं नाही. फक्त तिची तक्रार एका फुटावरची होती आणि तपासणी झाली वीस फुटांवरची.

हे मी फार शहाणपणाने सांगतेय असं नाही. शिकत होते तेव्हा कबड्डीत डोकं आपटलेल्या एका मुलाच्या कागदावर मीही ‘दृष्टी उत्तम’ असं लिहून त्याला घरी पाठवलं होतं. त्याची आई दारातून परत फिरली आणि म्हणाली, ‘मग तो वाचत का नाही?’ मला काही सुचेना. मी कागदात काहीतरी शोधत असल्यासारखी खाली बघत राहिले, आणि ती गेली.

आता मुका मार म्हणजे आत काय होतं ते थोडक्यात. धावतं डोकं खांबावर आपटून थांबतं, पण आतला मऊ मेंदू त्याच क्षणी थांबत नाही, तो हिंदकळतो, पिळवटतो. त्यात एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाणारे लांबलचक तंतू ताणले जातात. पेशींच्या आत-बाहेरच्या क्षारांचं गणित बिघडतं आणि ते जागेवर आणायला पेशींना जास्त साखर लागते, नेमका त्याच काळात रक्तपुरवठा थोडा आखडलेला असतो. हे सगळं सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. सीटी बघतो हाड मोडलंय का आणि रक्त साकळलंय का. दोन्ही नाही, ही आनंदाची गोष्ट आहे आणि त्या रात्री तुम्ही तो करून घेतलात हे बरोबरच केलंत. पण भिंतीचा फोटो काढून आतली वायर तापलीय का ते कळत नाही.

एक डोळा हलवायला सहा स्नायू लागतात. दोन्ही डोळ्यांचे मिळून बारा स्नायू, त्यांना हुकूम देणाऱ्या तीन-तीन नसा, आणि त्या नसांना ताळ्यावर ठेवणारी केंद्रं मेंदूच्या देठापासून थेट कपाळामागच्या भागापर्यंत पसरलेली. एवढा पसारा असल्यावर हादऱ्यात त्यातलं काहीतरी सापडू शकतं. स्नायू शाबूत राहतात, त्यांचा मेळ बिघडतो.

हा मेळ किती जणांत बिघडतो हे नीट मोजण्याचं काम गेल्या दहा-बारा वर्षांतलंच आहे, आणि त्यातलं बरंचसं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात झालं. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात डॉ. क्रिस्टिना मास्टर आणि दृष्टितज्ज्ञ मिचेल शायमन यांच्या गटाने मुका मार लागलेल्या ११ ते १७ वयाच्या १०० मुलामुलींचे डोळे तक्त्यापलीकडे जाऊन, पूर्ण तपासले. २०१६ साली ते निष्कर्ष छापून आले. १०० पैकी ६९ जणांत डोळ्यांच्या कामाचा एक तरी दोष सापडला. ५१ जणांत जवळचं स्पष्ट करण्याची ताकद कमी पडत होती किंवा अडखळत होती, ४९ जणांत डोळे नाकाकडे वळवणं जमत नव्हतं, २९ जणांत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नजर उडी मारते ती चुकत होती. बेरीज शंभराच्या वर जाते, कारण निम्म्याच्या आसपास मुलांत एकाहून जास्त दोष होते. पिट्सबर्गच्या गटाने २०१५ साली ७८ खेळाडू तपासले होते, सरासरी वय चौदाच्या जरा वर, म्हणजे तुमच्या लेकीच्याच वयाचे. त्यातल्या ४२ टक्क्यांना डोळे पुरेसे आत वळवता येत नव्हते. आणि या मुलांच्या तक्रारी बाकीच्यांपेक्षा जास्त होत्या, स्मरणाच्या आणि चपळाईच्या संगणकी चाचण्यांत ती मागेही पडली.

पण म्हणून ६९ हा आकडा वर्गशिक्षिकांच्या तोंडावर फेकू नका. ती १०० मुलं मुक्या माराच्या खास दवाखान्यात आलेली होती. तिथं पोचतात ती बहुधा लवकर बरी न होणारी. गल्लीत पडून डोकं आपटलेल्या दर शंभरांतल्या ६९ जणांचे डोळे बिघडतात, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय कधीच मार न लागलेल्या शाळकरी मुलांतही शंभरात चार-सहा जणांना हाच आत वळवण्याचा त्रास असतो. काहींचा आधीपासून असतो, झाकलेला, आणि हादऱ्याने तो उघडा पडतो. तुमच्या मुलीला पूर्वी कधी वाचताना एक डोळा मिटायची सवय होती का, आठवून बघा. असेल तर डॉक्टरांना सांगा.

तपासणीत काय व्हायला हवं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला मागता येईल. एक पट्टी असते, फूटपट्टीसारखीच पण जाड, तिच्यावर सरकणारं छोटं कार्ड. कार्डावर एक उभी रेघ आणि बारीक अक्षरं. पट्टीचं टोक मुलीच्या नाकाच्या वर, दोन भुवयांच्या मध्ये टेकवायचं आणि कार्ड हळूहळू जवळ आणायचं. ती म्हणेल, ‘आता दोन दिसतात.’ ते अंतर पट्टीवर वाचायचं. साधारण पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत एकच दिसायला हवं. काही मुलांना पंधरा सेंटिमीटरवरच दोन दिसायला लागतात. काहींना दोन दिसतच नाहीत, पण तपासणाऱ्याला समोरून दिसतं की एक डोळा हळूच बाहेर निसटला. आणि हे एकदा करून सोडायचं नाही, चार-पाच वेळा करायचं, कारण पहिल्यांदा जमतं आणि चौथ्यांदा दम सुटतो. दहा मिनिटांनी कपाळ धरणाऱ्या मुलीचं उत्तर बऱ्याचदा त्या चौथ्या-पाचव्या खेपेला सापडतं.

त्याच पट्टीवर एक-एक डोळा झाकून अक्षर कुठे धूसर होतं तेही बघतात. चौदा वर्षांच्या मुलीला नऊ सेंटिमीटरपर्यंत आणलेलं बारीक अक्षर वाचता यायला हवं. तुम्हाआम्हाला नाही येणार, चाळिशी लागलेल्यांचं भिंग कडक झालेलं असतं. तिला आपल्यासारखं हात लांब करून वाचावं लागत असेल, तर तिच्या डोळ्यांना काही महिन्यांपुरती चाळिशी लागलीय असं समजा. याशिवाय दोन ठिपक्यांमध्ये नजर झरझर उड्या मारते का, आणि मान हलवत असताना एका अक्षरावर नजर टिकते का, हेही बघायचं. २०१४ साली पिट्सबर्गच्याच लोकांनी या सगळ्याची पाच-दहा मिनिटांत होणारी एक चाळणी तयार केली, तिचं ‘व्हॉम्स’ असं नाव आहे. तिला लागतं काय, तर टेप, मेट्रोनोम म्हणजे ठेका धरणारं साधन, आणि एक अक्षर चिकटवलेली काडी. महागडं यंत्र नाही म्हणून तपासता आलं नाही, असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट जरूर करून घ्या, डोळ्यांत थेंब घालून चष्म्याचा नंबर. लहान वयात थोडा प्लसचा नंबर असला तरी भिंग तो झाकून नेतं, तक्त्यावर सहा बाय सहा येतं. हादऱ्यानंतर झाकायची ताकद कमी झाली की तोच नंबर डोकं दुखवतो. अशांना वाचनापुरता चष्मा दिला की फरक पडतो.

कुठे जायचं? नेहमीच्या चष्म्याच्या तपासणीत हे सहसा होत नाही. तुम्हाला लहान मुलांच्या डोळ्यांचा किंवा तिरळेपणाचा विभाग हवा, जिथे ऑर्थोप्टिस्ट, म्हणजे दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासणारे तज्ज्ञ, बसतात. मिरज, कोल्हापूर, पुणे या बाजूला चौकशी करा आणि फोनवर विचारतानाच ‘दोन्ही डोळ्यांच्या एकत्र कामाची तपासणी, बायनोक्युलर व्हिजन, करता का?’ असं विचारा. हो म्हणाले तरच एसटीत बसा.

जायच्या आधी घरी एक गोष्ट करून बघू शकता. एका डोळ्यावर तळहात ठेवून, डोळा न दाबता, तिला पाच मिनिटं वाचू द्या. मग दुसरा. एका डोळ्याने ओळी स्थिर राहिल्या आणि दोन्ही उघडल्यावर हलायला लागल्या, तर बिघाड एकत्र कामातला असण्याची शक्यता मोठी. एकाच डोळ्यानेही अक्षर दोन दिसत असेल तर कारण दुसरं आहे. जे दिसलं ते तारखेसह लिहून न्या. मात्र पट्टी बांधून शाळेत पाठवू नका, आणि पेन्सिल नाकाजवळ आणून घरच्या घरी परीक्षा घेत बसू नका. दर वेळी तिचं डोकं दुखणार आणि घरात नवं भांडण होणार.

पाच आठवडे झाले, हे जास्त आहे का? कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत तीन हजारांवर मुलांचा पाठपुरावा झाला होता, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. २८ दिवसांनी साधारण ३१ टक्के मुलांना त्रास उरलेला होता. म्हणजे तुमची मुलगी मागच्या तिसऱ्या हिश्शात आहे, जगावेगळी नाही. त्याच अभ्यासात कोणाचा त्रास लांबतो याचीही यादी निघाली. वय तेरा किंवा जास्त, मुलगी असणं, डोकेदुखी, आवाज सहन न होणं, थकवा, प्रश्नाला सावकाश उत्तर देणं, आधीची अर्धशिशी, आणि आधी एकदा मार लागून आठवड्याहून जास्त रेंगाळलेला त्रास. यातलं तिला काय काय लागू आहे ते तुम्हीच मोजा. निदान दोन-तीन गोष्टी तर पत्रातच आहेत.

२०२२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या ॲकॅडमीने नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांना बरोबर घेऊन याच विषयावर निवेदन काढलं. त्याचा सूर असा की बहुतेक मुलांचे डोळे आपोआप ताळ्यावर येतात, तोवर शाळेने सांभाळून घ्यावं, आणि रेंगाळलं तर या कामातल्या माणसाकडे पाठवावं. तुमचं रेंगाळलंय. म्हणून या आठवड्यात तपासणी, पुढच्या नाही.

मोबाईलच्या कोर्सचे पैसे भरू नका. यावर माझं मत जरा कडक आहे, कारण आकडे माझ्या बाजूने आहेत. २००८ साली अमेरिकेतच ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. सगळ्यांना डोळे आत न वळण्याचा त्रास. दवाखान्यात दर आठवड्याला तासभर समोर बसवून व्यायाम घेतले आणि घरीही थोडे करवले, त्यातली ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणणाऱ्यांत ४३ टक्के. घरी संगणकावर व्यायाम आणि जोडीला पेन्सिल, ३३ टक्के. आणि दवाखान्यात बोलावून व्यायामाचं नुसतं सोंग केलं त्यांच्यातही ३५ टक्के! म्हणजे संगणकाचा व्यायाम आणि सोंग यांत फरक उरला नाही. ती मुलं मुका मार लागलेली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. पण मार लागलेल्या ११ ते २५ वयाच्या मुलांवरही शायमन आणि न्यू जर्सीच्या तारा अल्वारेझ यांनी नंतर वेगळी चाचणी केली, आणि तिथेही ज्याने फायदा दिसला तो उपचार दवाखान्यात समोर बसवून घेतलेलाच होता. तेव्हा तपासणीत दोष निघाला, आणि तिथल्या ऑर्थोप्टिस्टनी बोलावलं, तर दर आठवड्याला जा. निदान व्हायच्या आधी विकलेल्या व्यायामाला मी औषध म्हणत नाही.

‘मोबाईल कमी करा’ हा सल्ला पहिल्या दोन दिवसांपुरता बरोबर होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १२ ते २५ वयाच्या १२५ जणांचे दोन गट केले. पहिले ४८ तास स्क्रीन बंद ठेवलेल्यांचा त्रास साडेतीन दिवसांत ओसरला, चालू ठेवलेल्यांचा आठ दिवसांत. पाचव्या आठवड्यात मात्र मोबाईल हिसकावून काही साधत नाही, तिला त्रास होतो तो जवळच्या कामाने, मग ते मोबाईल असो वा मेंदी.

तसंच तिला अंधाऱ्या खोलीत पाडून ठेवू नका. पूर्वी आम्हीही तेच सांगायचो. २०२२ च्या ॲमस्टरडॅमच्या परिषदेनंतर जे मार्गदर्शन आलं त्यात आराम आहे तो फक्त पहिल्या एक-दोन दिवसांचा, तोही पूर्ण नव्हे. बफेलोच्या डॉ. जॉन लेडी यांनी १३ ते १८ वयाच्या १०३ खेळाडूंवर करून दाखवलं, रोज त्रास न वाढेल इतपत चालणं-सायकल करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले, नुसते ताण देणारे व्यायाम करणारे १७ दिवसांत. तेव्हा तिला रोज संध्याकाळी वीस मिनिटं भराभर चालायला न्या. डोकं जास्तच दुखायला लागलं तर थांबा. बाबांनी बरोबर जावं. चालताना भूगोल काढायचा नाही.

शाळेचं बोलू. वर्गात सगळ्यात कठीण काय असतं माहीत आहे? फळ्यावरचं उतरवून घेणं. वर बघ, दोन शब्द धर, खाली बघ, लिही, परत वर बघ, ओळ शोध. नजर दर दोन शब्दांनी लांबून जवळ, जवळून लांब. एका तासाला हे शंभर वेळा तरी होत असेल. धडधाकट मुलाला कळतही नाही, हिला प्रत्येक वेळी भिंग नव्याने लावावं लागतं. आपल्या पुस्तकात ओळ हरवली तर शिरोरेषा एकीत एक मिसळतात. म्हणून वर्गशिक्षिकांना जाऊन भेटा, तक्रार करायला नव्हे, मागायला. महिनाभर फळ्यावरचं मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स चालेल का? वीस मिनिटं वाचन झालं की पाच मिनिटं खिडकीबाहेर बघायला परवानगी मिळेल का? घटक चाचणी तोंडी घेता येईल का, किंवा थोडा जादा वेळ? वाचताना ओळीखाली पट्टी धरली तर कोणी हसू नये, एवढं बघाल का? बाईंनी तिला खोटी ठरवलं म्हणून मनात राग असेल, तो घरी ठेवून जा. सहा बाय सहा हे त्यांनीही ऐकलं असणार, आणि त्यांना त्यापुढचं कोणी सांगितलेलं नाही. घरी धडा तुम्ही वाचून दाखवा, तिने ऐकावा. वाचणारा बदलला तरी परीक्षेत भूगोल तोच येतो.

आता निवड चाचणी. नाही. यावर चर्चा नको.

कारण तिला सांगा, नुसता नकार नको. खो-खोत आठ जणी आळीपाळीने उलटसुलट तोंड करून बसतात, खो मिळाला की क्षणात उठून मान फिरवायची, धावणारी कुठे आहे ते पकडायचं आणि पळत सुटायचं. मान फिरत असताना नजर स्थिर ठेवणारी एक यंत्रणा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागापासून डोळ्यांपर्यंत जाते, आणि ती सेकंदाच्या शंभराव्या भागात काम करते. मुक्या मारात तिचाही मेळ बिघडतो. तसं असताना सूर मारला तर खांब जिथे दिसतो तिथे तो असेलच असं नाही. आणि मेंदू पूर्ण सावरायच्या आत दुसरा मार बसला तर त्रास बराच लांबू शकतो, क्वचित जिवावरही बेततो.

ती ऐकेना झाली तर तिला स्टीव्ह स्मिथची गोष्ट सांगा. ऑगस्ट २०१९, लॉर्ड्सची कसोटी. जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसला, स्मिथ खाली पडला. तपासून घेऊन त्याच दिवशी परत खेळायला आला आणि ९२ वर बाद झाला. त्रास नंतर उमटला. पाचव्या दिवशी त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला, कसोटीतला मुक्या मारामुळे आलेला पहिला बदली खेळाडू. पुढची हेडिंग्लेची कसोटी स्मिथ खेळलाच नाही. त्यानंतरच्या कसोटीत परत आला आणि द्विशतक ठोकलं. ही तिला शेवटपर्यंत सांगा, मधेच सोडू नका.

मैदानावर परतायचं ते सहा पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. चालणं, मग जरा दमवणारा व्यायाम, मग एकटीने पळणं-वळणं. इथपर्यंत किंचित त्रास झाला तरी चालतो. चौथ्या पायरीपासून, म्हणजे संघाबरोबरच्या सरावापासून, वाचनासकट सगळा त्रास गेलेला असला पाहिजे, आणि त्या सरावाआधीच डॉक्टरांची परवानगी हवी. खांबावरचा सूर सगळ्यात शेवटी. आणि वर्गात पूर्ण दिवस बसता येण्याआधी मैदान नाही.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र तपासणीची तारीख बघत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. डोकेदुखी रोज वाढत चाललीय, परत उलट्या, गुंगी, झटका, हातापायात कमजोरी, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, पापणी खाली आलेली. लांबचंही सतत दोन दिसणं, किंवा जिना उतरताना एकाखाली एक पायऱ्या दिसणं आणि त्यासाठी मान एका बाजूला कलती ठेवणं. डोक्याच्या मारात डोळ्याची चौथी नस दुखावली तर असं होतं. डोळ्यासमोर विजा चमकणं, काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं वाटणं, हे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं, दुखणं असू शकतं.

सासूबाईंना सांगा, दृष्ट काढली त्याने काही बिघडलेलं नाही. फक्त मोहरीचा धूर तेवढा तिच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका, आधीच उजेड सोसत नसेल.

आणि तपासणीला जाताना पिशवीत तिचं भूगोलाचं पुस्तक टाका. तक्ता त्यांच्याकडे असतोच.